तोलाचं कडं आणि खोबऱ्याचा केक

“फिलो, चेंडूकडे बघू नकोस. टाकणाऱ्याच्या मनगटाकडे बघ.” लेन, माझे यजमान, हयात असताना बोल्स, म्हणजे गवतावर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या क्लबाच्या हिरवळीवर मला हे हजारदा सांगायचे. आमच्या खेळातले चेंडू मुळातच एका अंगाला वळतील असे घडवलेले असतात. चेंडू कुठे वळणार, हे मनगट आधीच सांगून टाकतं.

त्या बुधवारी मात्र हिरवळ ओस पडली होती. अख्खा क्लब आत, क्लेटन नावाच्या गुळगुळीत बोलणाऱ्या विक्रेत्याभोवती गोळा झाला होता. सत्तरीच्या आतलं एकही माणूस नाही, आणि हा म्हणतो कसा, “या पोरींनो, या! पुन्हा कधी पडायचं नाही ना? मग घाला हे चुंबकाचं कडं. शरीरातल्या लहरी ताळ्यावर येतात!”

माझी शेजारीण एल्वा सर्वांत पुढे बसली होती. ती न्हाणीघरात दोनदा पडली होती. “आई, तिसऱ्यांदा पडलीस तर घर विकायचं आणि वृद्धाश्रमात जायचं,” असं तिच्या लेकीनं, जॅनेलनं, बजावलं होतं. म्हणून एल्वानं आठवड्यापूर्वीच त्याच्याकडून कडं घेतलं, आधाराची चालायची चौकट, तिचा वॉकर, शेडमध्ये टाकली आणि व्यायामही सोडला.

“काल पत्रपेटीपर्यंत ताठ चालत गेले!” ती मला म्हणाली.

“आणि येताना?”

“येताना कुंपण होतं ना गं.”

क्लेटननं आमचा धिप्पाड अध्यक्ष मर्व्ह याला उभं केलं. पाय जुळवलेले, एक हात बाजूला पसरलेला. क्लेटननं दोन बोटांनी त्याचं मनगट दाबलं, आणि मर्व्ह कलंडला. मग कडं चढवलं. आता क्लेटन त्याच हाताला जवळजवळ लोंबकळला, तरी मर्व्ह भिंतीसारखा उभा! टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी मात्र क्लेटनच्या मनगटाकडे बघत होते.

“क्लेटन बाळा,” मी हळूच म्हटलं, “मी एकदा करून बघू?”

“जरूर मावशी! हे घ्या कडं.”

“कडं राहू दे. माझ्याकडे लॅमिंग्टन केक आहे.”

चहाच्या टेबलावरचा तो केक उचलून मी मर्व्हपाशी गेले. आधी त्याच्या पसरलेल्या, बिनकड्याच्या हाताचं मनगट बाहेरच्या अंगाला दाबलं. मर्व्ह झोकांडला. मग त्याच्या दुसऱ्या हातात केक दिला आणि तेच मनगट जोर लावून दाबलं, पण या खेपेला त्याच्या पायांच्या दिशेनं. मर्व्ह ढिम्म हलेना.

“फिलो, काय घातलंयस यात?” मर्व्हनं घाबरून विचारलं.

“खोबरं. बाहेर ढकललं की माणूस पडतो, पायांकडे दाबलं की जमिनीत रुततो. एवढीच जादू. खा आता.”

हशा पिकला. क्लेटनला अचानक पुढच्या गावची आठवण झाली आणि त्यानं पेटी आवरली. एल्वा तेवढी हसली नाही.

“म्हणजे आठवडाभर मी नशिबावर चालत होते?”

“नशिबावर आणि कुंपणावर,” मी तिचा हात धरत म्हटलं.

मी रोज पहाटे जपमाळ ओढते, शुक्रवारी मांसाला शिवत नाही. देवाकडे धीर जरूर मागावा. पण तोल सांभाळतात ते पायांचे स्नायू, आणि ते रोज वापरले तरच टिकतात. कुणी चमत्कार दाखवला, तर त्याचे हात नीट बघा आणि स्वतः करून पाहा. देवाला त्याचा राग येत नाही.

संध्याकाळी एल्वानं माझ्यासमोर फोन लावून लेकीला सगळं खरं सांगितलं. पलीकडून बराच वेळ बोलणी खाल्ली. मग म्हणाली, “न्हाणीघरात धरायला दांडा बसवते. आणि दर मंगळवारी आरोग्य केंद्रात तोलाच्या व्यायामाला जाईन, चालत. शब्द देते. पण राहीन माझ्याच घरात, जॅनेल.”

मंगळवारी बाहेर दाट धुकं होतं. शेजारचं फाटक वाजलं म्हणून मी डोकावले. बुटांच्या नाड्या घट्ट बांधून, चौकट पुढे सरकवत, एल्वा एकटीच आरोग्य केंद्राच्या वाटेला लागली होती. मी हाक मारली नाही.