सातव्या आठवड्यातली नळी

आज सकाळपासून आभाळ भरून आहे, पण पडत काही नाही. खाडीकडचा वाराही थांबलाय. अंगाला नुसती चिकचिक. अशा हवेत बोनकोडे गावातल्या एका घरात खाटेवर देवजीकाका पडून आहेत, आणि त्यांच्या पोटात मी. मी लघवीची नळी बोलतेय. माझं नाव घ्यायला माणसं लाजतात, म्हणून मीच घेते.

रबराची म्हणून कारखान्यात जन्मले, पाकिटात निजून दवाखान्यात आले. काकांची लघवी तुंबली तेव्हा नर्सबाईंनी मला आत सरकवलं आणि त्यांच्या सुनेला, शर्मिलाला, बजावलं, “नळीला जोडलेली लघवीची पिशवी कायम खाटेच्या खाली ठेवा. तीन आठवड्यांनी नळी बदलायची. विसरू नका हां.”

तेव्हा मी गुळगुळीत होते. मग जंतू आले. एक चिकटला, त्याला धरून दुसरा. हळूहळू माझ्या आतून बुळबुळीत थर चढला, पाण्याच्या टाकीत शेवाळ धरतं तसा. गोळ्या खाल्ल्या की बाहेरचे मरतात. थरातले तसेच राहतात, सुखात.

काका भिडस्त. दारात कुणी दिसलं की म्हणणार, “शर्मिला, ती पिशवी वर घे गो. गोधडीखाली सार. लोकं काय बोलतील?” पिशवी वर आली की घाण पाणी माझ्यातून उलटं पोटात जातं. मला अडवता येत नाही.

दोनदा हुडहुडी भरून ताप आला. गोळ्यांनी उतरला, की मला बदलायचं राहून जायचं. परवा तिसऱ्यांदा आला तेव्हा काका सुनेलाच ओळखेनात. डॉक्टर फोनवर म्हणाले, “जंतूंचं घर त्या नळीत आहे. रक्तात गेले तर माणूस हाती लागायचा नाही. आधी नळी बदला.”

आज पहाटे ताप उतरला. मला बदलून आणायला दवाखान्यात जायचं म्हणून शर्मिलानं रिक्षा बोलावली. काकांनी धुतलेला शर्ट घातला. तेवढ्यात शेजारचे श्यामसुंदर आले, आणि पिशवी गोधडीखाली गेली.

मला ओढून काढा हो, कचऱ्यात टाका. सेवेला आले होते, आता माझ्याच हातून घात होतोय. पण नळीचं कोण ऐकतं?

श्यामसुंदरनी काकांच्या कपाळाला हात लावला. रिक्षा रिकामी परत गेली ती त्यांच्या बोलण्यावर.

“काय काका, नवरदेवावानी नटून कुठं निघाला? ताप तर गेला. चालू नळीला कशाला हात लावता? चार दिवसांवर सण आलाय, तो होऊ द्या, मग बघू.”