सतरा नंबरची बाई

तो मंगळवार अगदी साधा होता. अक्षयाच्या आईने, मालनने बांगडे साफ करून हळद-मीठ लावून ठेवले होते, दारावरून फणसवाला ओरडत गेला होता, आणि तिचे बाबा हरिश्चंद्र पडवीतल्या टेबलाशी फोटोवर बटर पेपर पसरून बसले होते. एसटीच्या डेपोतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांचा हाच उद्योग. मांडवीतल्या घराघरांतून जुने फोटो गोळा करायचे, वर पातळ कागद ठेवून एकेक डोकं पेन्सिलीनं गिरवायचं, डोक्यात आकडा घालायचा आणि वहीत आकड्यापुढं नाव. नाव सांगणारं कुणी सापडलं नाही, तर सापडेपर्यंत आकडा तसाच मोकळा. कुणाच्या मुंजीच्या पंगतीमागे जुना धक्का दिसला, की त्यांना त्या बटूपेक्षा धक्क्याचंच कौतुक जास्त.

त्या दिवशीचा फोटो मात्र घरचाच होता. बोटीच्या दिवसांतला. धक्क्यावर तेवीस माणसं. खुर्च्यांवर बोटीचा एजंट, दोन व्यापारी, होडीवरचा एक तांडेल. मागे उभे खलाशी आणि ओझी वाहणाऱ्या बायका. सतराव्या माणसाच्या जागी चेहरा नव्हताच. जुन्या आठ आण्याएवढं भोक होतं.

अक्षयाला ते भोक लहानपणापासून ठाऊक होतं. आजी, म्हणजे काशी, वारली तेव्हा बाबा एकोणीस वर्षांचे होते. बाराव्याला भिंतीवर लावायला तिचा वेगळा फोटो नाही. गावातला स्टुडिओवाला म्हणाला, जो असेल तो आण. बाबांनी कात्रीनं तेवढा चेहरा कापून नेला. स्टुडिओवाल्यानं तो मोठा केला आणि हातानं रंगवून खाली हिरवा शालू, गळ्यात पुतळ्यांची माळ, नाकात नथ चढवली. तुकडा त्याच्याकडेच कुठंतरी हरवला. बोटीवरून माल किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातली ओझी आयुष्यभर कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर घेऊन आलेली बाई भिंतीवर सावकारीण होऊन बसली. शाळेतल्या मैत्रिणी विचारत तेव्हा अक्षया सांगायची, आमची आजी मोठ्या घरची.

बाबा एकेक नाव सांगत होते आणि अक्षया लॅपटॉपवर यादी टाइप करत होती. गावच्या मंडळाच्या पंचाहत्तरीला या फोटोचा मोठा फलक होणार होता.

"सतरा," बाबा म्हणाले. "लिही. काशी, माझी आई. धक्क्यावर ओझी वाहायची. चेहरा मी कापला."

अक्षयाचा हात थांबला. सगळ्या गावासमोर हे कशाला, असं तिच्या मनात आलं. ती म्हणाली की नुसता आकडा ठेवूया, भोक दिसतंच आहे.

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि बटर पेपर गुंडाळून जेवायला उठले.

बुधवारी सकाळी ते न्हाणीघराच्या दारात कोसळले. रिक्षा सिव्हिलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पंचाहत्तरी मे महिन्यात झाली. अक्षया गेली ती बाबांनी नावं लावलेल्या त्या फोटोसाठी. समाजमंदिराच्या दारातच आठ फुटांचा फलक उभा होता आणि तेवीसच्या तेवीस माणसं त्यावर हसतमुख होती. सतराव्या जागी एक बाई होती. गोरी, कोरीव भुवयांची, पंचविशीची. कानशिलावर एक बटसुद्धा होती.

मंडळाच्या अध्यक्षांचा, भिकाजीनानांचा मुलगा सुजय फ्लेक्सचा धंदा करायचा. तो खुशीत होता. ताई, भोक काय घाण दिसत होतं, म्हणाला. अ‍ॅपला सांगितलं, दोन मिनिटांत भरून दिलं.

अक्षया काही बोलणार, तोच गावातल्या जनीकाकी फलकाला नाक लावून उभ्या राहिल्या. "अगो, ही तर आमची चंपीआत्या. डोळे बघ. डिट्टो."

"चंपी काळी होती," मागून कुणीतरी म्हणालं.

"उन्हात काळी. फोटोत गोरी यायची."

हसू उसळलं. आणखी दोघींना ओळख पटली. चंपी केवढी देखणी होती, कशी चालायची, याच्या आठवणी निघू लागल्या. कधीच नसलेल्या बाईला पाच मिनिटांत माहेर मिळालं, सासर मिळालं. इतिहासातून माणसं कशी गाळली जातात यावर अक्षयानं पुष्कळ वाचलं होतं; ती काम करायची त्या कॉलेजच्या ग्रंथालयात मुलांना चार शब्द सुनावलेही होते. आता तो फ्लेक्स टराटरा फाडावा, एवढं एकच तिला सुचत होतं.

ती नानांकडे गेली आणि आवाज न चढवता म्हणाली की हा फलक आत्ता खाली घ्या. बाबांनी अकरा वर्षं एका नावाचाही अंदाज ठोकला नाही, आणि तुम्ही आख्खं माणूस ठोकून दिलंत.

नानांना ते लागलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, फाइलीतून यादी काढली आणि तिच्यापुढं धरली. "ही तूच दिलीस ना गो? सतरापुढं काय आहे, वाच. कोरं आहे. हरिश्चंद्राच्या घरातलं माणूस, हे त्यानं एका शब्दानं सांगितलं असतं तर आम्ही हात लावला असता काय?"

अक्षयानं कागद पाहिला. टाइप तिनंच केला होता. राग होता तिथंच राहिला, फक्त त्याचं तोंड फिरलं.

तेवढ्यात सुजय मार्कर आणि पांढरी पट्टी घेऊन फलकाकडे निघाला. चंपीआत्याचं आडनाव काय लावायचं, असं तो जनीकाकींना विचारत होता. आणि एव्हाना माइकपाशी पोचलेले नाना सांगत होते की हरिश्चंद्रभाऊंची कन्या आता दोन शब्द बोलेल.

अक्षयानं वाटेत सुजयच्या हातातली पट्टी काढून घेतली. मग माइक घेतला. समोर शंभरेक माणसं होती. आई पहिल्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसली होती.

"ती चंपी नाही," ती म्हणाली. "ती कोणीच नाही. तिथं भोक होतं, आणि भोकाच्या जागी काशी उभी होती. माझी आजी. पडावातली ओझी डोक्यावरून वाहायची. तुमच्यातल्या निम्म्या घरांचं सामान तिनं आणलं असेल. तिचा चेहरा बाबांनी कापला, आणि ते त्यांना इथं लिहायचं होतं. मला त्यांनी शब्द न् शब्द सांगितला होता."

जनीकाकी काहीतरी पुटपुटल्या. अक्षया थांबली नाही.

"सुजयवर ओरडायचं म्हणून आले होते मी. पण त्याच्या आधी मीच ते नाव गाळलं. चुकून नाही. हमालणीची नात म्हणवून घ्यायची मला लाज वाटली. बाबा नुसतं 'बरं' म्हणाले, आणि त्यांना सगळं कळलं होतं."