नकाराची तालीम

झोपेत मला सगळं बोलता येतं. स्वप्नात माझं बटणांचं दुकान असतं, उन्हाचा पट्टा शिंपल्याच्या बटणांवर रेंगाळत असतो, आणि कोणी घासाघीस केली की मी म्हणते, "नाही." कसलं गोड वाटतं म्हणून सांगू! जाग आली की माझ्या घराऐवजी मुलाच्या घरातलं पांढरं छत दिसतं आणि तोंडात एकच शब्द उरतो, "हो."

मेंदूत रक्ताची गाठ झाली, उजवा हात लुळा पडला, तेही सोसलं असतं. पण ही जीभ फितूर झाली. मनात "नको" असलं तरी बाहेर "हो" येतं, आणि मेली मानही तिच्याच बाजूने डोलते. "आई, दूध हवं?" हो. "पंखा बंद करू?" हो. मग घामाने निथळत पडायचं. सूनबाई शेजारणीला सांगते, "आजारपणानंतर फार शांत झाल्यात हो." शांत? इथे माझ्या अंगाचा तिळपापड होत होता!

त्यातच मुलगा म्हणाला, "आई, दुकान शेजारच्या चष्मेवाल्याला देऊन टाकू? महिनाअखेरीस किल्ली मागतोय."

मी म्हणाले, "हो." कपाळ माझं.

बोलायला शिकवणारी पोरगी दुपारी यायची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, काय जमायला हवं? सुनेने सांगितलं, जिना उतरणं. मुलाने सांगितलं, आपल्या हाताने जेवणं. मी दोघांनाही हो म्हणाले. पोरगी हुशार. माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "काकू, तुम्ही विमान चालवता का?"

"हो."

ती हसली नाही. तिने समोर चमचा ठेवला, जिन्याचं चित्र ठेवलं. मी डाव्या हाताने दोन्ही ढकलून दिलं. तिने पुन्हा ठेवलं, मी पुन्हा ढकललं; चमचा पलंगाखाली गेला. तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणायला शिकायचंय." मला रडूच कोसळलं.

मग रोज दुपारी तेच. हाताने ढकलायचं आणि त्याबरोबर आवाज सोडायचा. आधी नुसतं "न". मग "ना". मध्येच डोळा लागायचा, दुकान दिसायचं, तिथे शब्द सापडायचा, आणि डोळे उघडेपर्यंत कुठेतरी सांडून जायचा. आपण जाग्या आहोत की झोपेत, तेही कळेनासं झालं होतं.

महिनाअखेरीस मुलगा किल्ली घेऊन निघाला. दारातून सवयीने म्हणाला, "देऊन येतो हं, आई?"

मी हवेतच हात ढकलला. "नाही."

तो वळला. "काय म्हणालीस?"

"नाही!"

तो माझ्याजवळ येऊन बसला. मग भीतभीत विचारायला लागला.

"ते दूध आवडायचं?"

"नाही."

"पंखा बंद केलेला?"

"नाही."

"डाव्या कुशीवर निजवायचो ते?"

"नाही!"

दर वेळी तो ओशाळून हसत होता, डोळे पुसत होता. मला तर चेव आला होता.

मग तो म्हणाला, "आणि इथं, माझ्याकडे राहायला आवडतं ना?"

त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. पोटचा पोर तो. माझा जीव तुटला. पण मला माझ्या घरी जायचं होतं. मी त्याचा हात घट्ट धरला आणि जमेल तितक्या मायेने म्हणाले, "नाही."