शिवगंगेच्या रक्ताचे फोटो

लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष चाललं होतं, आणि पावसानं दगा दिल्याला दुसरं. नव्या कचेऱ्या उठत होत्या, जीपगाड्या धुरळा उडवत होत्या, गल्लोगल्ली बोअर पाडायच्या मशिनी धडधडत होत्या. अशा दिवसांत बसवंतकडं त्याची धाकटी बहीण शिवगंगा सासरहून, मुरुडहून आली. बसवंत डॉक्टर अमृतरावांच्या दवाखान्यात रक्त तपासायचा. शिवगंगेचा ताप महिनाभर उतरत नव्हता. हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि दारातल्या दोन पायऱ्या चढल्या तरी ती भिंतीला टेकत होती.

बसवंतनं स्वतःच तिच्या बोटाला सुई टोचली. थेंब काचेवर पसरला, रंग दिला, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ तो उठलाच नाही. पांढऱ्या पेशी नको तितक्या होत्या, मोठाल्या, कच्च्या. अठरा वर्षांत अशा पेशी त्यानं चारदा पाहिल्या होत्या. चारी माणसं गेली होती.

"टँकरचं पाणी खारट हाय, सायेब. रंग नीट बसला न्हाई," तो डॉक्टरांना म्हणाला.

अमृतरावांनी पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "रंगाचा दोष असेलही. पण हैदराबादला माझा मित्र रक्ताच्याच रोगांचा डॉक्टर आहे. आजच लातूर रोड स्टेशनवरून गाडी पकड. घेऊन जा तिला."

"एवढा प्रवास तिला झेपायचा न्हाई. आधी फोटो पाठवू. कॅमेरा हाय की."

त्याची ती हौस सगळ्या दवाखान्याला ठाऊक होती. फोटो स्टुडिओवाल्या किशनरावांचा जुना कॅमेरा त्यानं लेथवर नळी करून घेऊन मायक्रोस्कोपवर बसवला होता. जंताच्या अंड्यांचा एक फोटो तर त्यानं चौकटीत घालून भिंतीला लावला होता.

"चार दिवस," डॉक्टर म्हणाले. "पाचवा नाही."

पहिला रोल किशनरावांनी धुतला, तर सगळ्या फोटोंत नुसते राखाडी डाग. "बटन बोटानं दाबलास. कॅमेरा हालला," ते म्हणाले आणि त्यांनी बटनाला लावायची लांब तार दिली. दुसऱ्या रोलमध्ये डाग गोल झाले, पण कडा विरलेल्याच. डोळ्याला भिंगातून जिथं स्वच्छ दिसतं, तिथंच ते फिल्मवर स्वच्छ उमटत नाही, हे तेव्हा त्याला कळलं. मग तो कॅमेऱ्याच्या काचेतून बघून, केसभर केसभर चाक फिरवून फोटो घेऊ लागला. चार दिवसांचे आठ झाले, आठाचे बारा. डॉक्टर रोज विचारायचे. एकदा चांगलेच रागावले.

"अजून नीट आला न्हाई, सायेब," बसवंत म्हणायचा.

ते खोटं नव्हतं. पण दर पुसट फोटो हातात आला की त्याच्या छातीवरचा दगड थोडा हलका व्हायचा. पुसट पेशी कशाच्याही असू शकत होत्या.

"अण्णा, माझा फोटो आला का?" शिवगंगा अंथरुणातून विचारायची. "लग्नातल्या फोटोत मी डोळे मिटलेत. ह्यो तरी नीट काढ."

तिसराही रोल बिघडला. त्या दुपारी टेबलावर पाण्याचा पेला होता आणि पाण्यावर बारीक वलयं उठत होती. बसवंत बघतच राहिला. शेजारच्या आवारात बोअरची मशीन चालू होती. तिच्या हादऱ्यानं टेबल थरथरत होतं. शंभरपट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली तेवढा हादरा म्हणजे भूकंपच.

तो बाहेर गेला. घागरी घेऊन बायका ताटकळल्या होत्या. मशीनवाल्याला त्यानं दहा मिनिटं थांबायला सांगितलं. तो ऐकेना.

"कशाला थांबवायलास रं?" म्हाताऱ्या केवळाबाईनं विचारलं.

"बहिणीच्या रक्ताचा फोटो काढायचाय. मशीननं हालायलाय."

केवळाबाई मशीनवाल्याकडं वळली. "बंद कर, बाबा. दोन साल थांबलाव. दहा मिनिटांनी काय व्हतंय."

मशीन थांबली. आता कुठलीच सबब उरली नव्हती. बसवंतनं टेबलाच्या पायांखाली घोंगडी घातली, श्वास रोखला आणि तार दाबली. सहा फोटो घेतले.

स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्याखाली, ताटलीतल्या कागदावर पेशी हळूहळू उमटल्या. एकेकीची कड सुरीनं कापल्यासारखी.

"वा," किशनराव म्हणाले. "आता म्हणावं फोटो."

बसवंत भिंतीला पाठ लावून खाली बसला. फोटो डाकेत पडले ते एकोणिसाव्या दिवशी.

हैदराबादहून तार आली, ताबडतोब आणा. बसवंत आणि त्याचे दाजी, शिवगंगेचा नवरा गुरुबसप्पा, तिला घेऊन गेले. सहाव्या दिवशी ती गेली. मुरुडच्या मळ्यात, लिंगायत रीतीनं हातात इष्टलिंग देऊन, तिला बसवलं आणि माती दिली.

महिन्यानं हैदराबादच्या डॉक्टरांचं पत्र आलं. फोटो फार स्वच्छ आहेत, शिकणाऱ्या मुलांना दाखवायचे आहेत, निगेटिव्ह मिळेल का? बसवंत पत्र घेऊन मुरुडला गेला आणि ते त्यानं गुरुबसप्पाला वाचून दाखवलं.

"आधी नेलं असतं तर वाचली असती का?" गुरुबसप्पानं विचारलं.

"वाचली नसती. काही महिने मिळाले असते, असं डॉक्टर म्हणले. नक्की कुणालाच सांगता येत न्हाई."

"तुमाला कवा कळलं व्हतं?"

"पहिल्याच दिवशी. काच बघितली तवाच. फोटो नीट येईना, हे एक निमित्त मिळालं मला, दाजी. एकोणीस दिवस मी घालवले."

गुरुबसप्पा उठून गोठ्याकडं गेला. त्याच्या आईनं, गौरम्मानं, बसवंतपुढं ताट वाढलं. भाकरी तशीच वाळत राहिली. उन्हं कलली तेव्हा गुरुबसप्पा परत आला.

"निगेटिव्ह पाठवा," तो म्हणाला. "ते बघून कुणी लवकर वळखलं तर बरंच हाय." मग जमिनीकडं बघत म्हणाला, "पर एवढ्यात इकडं येऊ नका. तुमाला बघितलं की दिवस मोजायला लागतो मी."

बसवंतनं निगेटिव्ह पाठवलं, कॅमेरा किशनरावांना परत दिला. पुढं तशा पेशी काचेवर दिसल्या, की तो डॉक्टरांना लगेच उठवून आणायचा आणि आजाऱ्याला त्याच दिवशी गाडीत बसवून द्यायला स्वतः स्टेशनवर जायचा.

मुरुडहून दोन वर्षं काही निरोप आला नाही.