एकच पेला

नर्सबाईला किळस म्हणून कशाची यायची नाही. वीस वर्षं जखमा धुतल्या, पू काढला, एकदा तर एका म्हाताऱ्याच्या टाचेतल्या अळ्या चिमट्यानं वेचल्या आणि हात धुऊन लगेच डबा खाल्ला. पण त्या रविवारी चर्चमध्ये तिचा धाकटा भाऊ शेजारी येऊन टेकला आणि तिच्या पोटात ढवळून आलं.

शी! कुठल्या तोंडानं आला हा? याच दिवट्यानं आईचं ऑक्सिजनचं मशीन विकून दारू ढोसली होती. दुसरं मशीन मिळेपर्यंत आई गेली. आठ महिने तोंड लपवून फिरला, आणि आज कसा साळसूदपणे हजर!

समोर पाळकांचा उपदेश चालला होता. देवाचं प्रेम कधी आटत नाही, ते कुणालाच टाकत नाही.

'यालासुद्धा?' ती मनात फणकारली. 'देवा, तुझ्या प्रेमाला काही चवढव आहे की नाही? असलं प्रेम मला नको. ठेव तुझ्याकडेच.'

त्या चर्चची रीत अशी, की प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा पेला एकच. तो बाकावरून हातोहात फिरायचा. आपण घोट घ्यायचा, कड पुसायची आणि 'तुझ्यासाठीही' म्हणत शेजाऱ्याला द्यायचा. पेला भावाकडे आला. त्याचे फुटलेले ओठ, दाढीत वाळलेली लाळ बघून तिला मळमळलं. उठून चालू पडावं, असं वाटलं.

भावानं पेला तोंडाशी नेला, कड पुसली आणि पुढे केला. "ताई, तुझ्यासाठीही."

पण त्याचा कंठ हललाच नव्हता. गोळी गालात दडवून गिळल्याचं सोंग करणारे पेशंट तिनं शेकड्यानं पाहिले होते. तिला कोण फसवणार?

"प्यायला का नाहीस?" ती कुजबुजली.

"मला कुठं गं चालणार ते? आईला मीच मारलं. तू घे, ताई. मी उष्टं केलेलं नाही."

तिला तिचं स्वतःचं आठवलं. शेवटच्या दिवशी आई सारखी हाका मारत होती, आणि दमलेली ही तिच्यावर खेकसली होती, "मर ना एकदाची!" हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, पाळकांनाही नाही. आणि तरी दर खेपेला पेला खुशाल प्यायली होती. आता तिला भावापेक्षा स्वतःचीच शिसारी आली.

मागचे लोक खाकरू लागले. पेला कधी मागं जात नसतो. तिनं तो भावाच्या हातात परत कोंबला.

"पी मुकाट्यानं."

"अगं ताई, पण..."

"गप! तुला वगळलं तर मला कोण ठेवून घेणार आहे?"

तो प्यायला. प्यायला कसला, हुंदके देत अर्धा दाढीवर सांडला, वर नाकाचं पाणी. कड पुसायचं भान कुठलं! तिनं पेला घेतला. पोटात अजून ढवळतच होतं. त्यानं लावले होते तिथंच तिनं ओठ लावले आणि घोट गिळला.