व्हय म्हाराजा

खरेदीखताच्या दिवशी मी कुडाळहून सरळ मालवणच्या रजिस्ट्रार ऑफिसात गेले असते तर बरं झालं असतं. पण आदल्या संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "नारळ घेवन घराकडे ये गो. राखणदाराक सांगल्याशिवाय घर देवचा नसता." घटस्फोट होऊन गेला होता, तरी मी सवयीने "व्हय, आई" म्हटलं.

घर माझ्या आणि सुदेशच्या नावावर. कर्ज दोघांनी फेडलं, म्हणून विकून निम्मं निम्मं. यात कुणी माझ्याकडे बोट दाखवावं असं काही नाही. पतसंस्थेत नोकरी करते, भाड्याच्या खोलीत राहते, मला माझं छप्पर हवं होतं. सुदेश डोंबिवलीहून फोनवर एवढंच म्हणाला होता, "आई आहे तोवर थांबूया. तिला इथे नाही करमायचं." मी फणकाऱ्याने म्हटलं, "म्हणजे त्यांच्या मरणाची वाट बघत बसू का मी?"

तेव्हा मी त्याच घराच्या पडवीत माझे कपडे भरत होते. वळून बघते तर सासूबाई दारात उभ्या, हातात वाळत घालायच्या कोकमाच्या सोलांचं सूप. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "च्या ठेवू?"

तेव्हापासून मला एकच हवं होतं, त्यांनी मला एकदा सणसणीत शिव्या द्याव्यात. सासूबाईंच्या शिव्या आमच्या वाडीत नावाजलेल्या. नारळ पाडणाऱ्या माकडालाही त्या सात पिढ्यांसकट उद्धरायच्या. मला मात्र एक शब्द नाही. उलट कुडाळच्या खोलीवर कुळथाची पिठी पाठवली. मी तिचा डबा उघडलाच नाही.

सकाळी पोचले तेव्हा पडवीत त्यांची डोंबिवलीला न्यायची ट्रंक आणि दोन बोचकी बांधून ठेवलेली. व्यवहार जुळवणारा शंकर गाडी घेऊन आधीच आला होता. तो शेजारच्याच वाडीतला. गिऱ्हाईक सांगलीचं, ते ऑफिसात वाट बघत होतं.

राखणदार म्हणजे परसातल्या जांभळीखालचा एक दगड. जागेची राखण तो करतो. गळून पडलेल्या जांभळांनी तो पार जांभळा झाला होता. सासूबाईंनी त्याला पाणी घातलं, केळीच्या पानावर केळी ठेवली, आणि विडी पेटवून पुढ्यात ठेवली. त्याला विडी लागते. सासरे गेल्यापासून ती यांनाच ओढून पेटवावी लागे आणि दर वेळी त्या ठसकत. आजही ठसकल्या.

घर बांधायला घेतलं तेव्हा इथेच मी आणि सुदेशने मिळून नारळ धरला होता. ज्यांनी जागा मागून घेतली त्यांनीच ती परत करायची, अशी रीत. सुदेशने सहीसाठी कुलमुखत्यारपत्र पाठवून दिलं, स्वतः आला नाही.

"तेच्या वाटचो मी धरतंय," सासूबाई म्हणाल्या. नारळावर खाली माझा हात, वर त्यांचा. हात गरम होता आणि कोकमाचा वास येत होता.

गाऱ्हाणं, म्हणजे देवाकडचं मागणं, एकट्याने घालून भागत नाही. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वेळी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, तेव्हा ते पोचतं. शंकरनेही चपला काढल्या आणि तो मागे येऊन उभा राहिला. सासूबाई सांगू लागल्या.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्येर ह्या लेकरांनी घर बांधला, ता तू राखलंस."

"व्हय म्हाराजा!"

"आता हय दुसरो येतलो. तेकाय सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" माझाही आवाज नीट निघाला. वाटलं, चला, एवढंच होतं तर.

त्यांचा हात नारळावर घट्ट झाला. "आणि ह्या घर मोडूचो जो काय दोष आसात, तो माझ्या झिलार, सुदेशार घालू नको, ह्या पोरीर घालू नको. तो माझ्या पदरात घाल रे म्हाराजा."

मला "नको" म्हणायचं होतं. "माझाच आहे तो, माझ्याच पदरात घाल," असं म्हणायचं होतं. पण मागून शंकर सवयीने, खणखणीत आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

सासूबाईंनी नारळ दगडावर आपटला. एका फटक्यात फुटला.

"आई, असा कित्याक मागलात?" मला रडू फुटलं. "परत घाला गाऱ्हाणा. माझ्या नावान घाला. मी काय बोललंय ता तुमी ऐकलास मा?"

"ऐकलंय," त्या म्हणाल्या. खोबऱ्याचा एक तुकडा मोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "देवाक सांगान झाला गो. आता फिरवूक येणा नाय."

शंकर मोबाइलवर वेळ बघत होता. मी डोळे पुसले. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "उपाशी इलंस मा? च्या दिली असती, पण शेगडी कालच बांधलंय."

मी एवढंच म्हणायला हवं होतं की सोडा ती शेगडी, मला नाही विकायचं. शंकरने गाडी सुरू केली. मी मागच्या सीटवर बसले, खोबरं मुठीत धरून.

ऑफिसात नाव पुकारलं तेव्हा खोबरं मी डाव्या हातात घेतलं आणि उजव्याने सही केली.