झाकलेलं नाव

"अगं, पुढे ये ना! सख्ख्या नातीचं काम, आणि तू दाराशी भिकाऱ्यासारखी उभी?" मोक वहिनींनी बिक-वानला कोपराने ढोसलं.

व्हँकूवरच्या चायनाटाउनमधल्या एका जुन्या दुकानात आता चित्रदालन होतं. आत अंधार आणि भिंतभर पडदा. तीसेक माणसं गप्प उभी होती.

पडद्यावर हॉन कुळाच्या सभागृहातला देव्हारा उमटला. बिक-वानने आयुष्यभर शिवणकारखान्यात बटणं लावली. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी तिथे उदबत्ती लावण्याचा तिचा नेम; छातीच्या दुखण्याने तो महिनाभर मोडला होता. तिथे पूर्वजांच्या ओळीत नवरा-बायकोची एकच लाकडी पाटी होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. त्याचं नाव सोनेरी, उघडं. शेजारचं तिचं नाव लाल कागदाच्या पट्टीखाली. जिवंत माणसाचं नाव झाकूनच ठेवायचं. पट्टी निघते ती एकाच दिवशी.

पडद्यावर एक हात आला. कॅरिसचा, नातीचा. नख पट्टीच्या कडेत शिरलं. कागद सुटण्याचा चर्र आवाज खोलीभर घुमला, आणि खालची अक्षरं लखलखली.

"अगं बाई," मोक वहिनी पुढे झुकल्या. "हे तर तुझं नाव!"

"हळू बोला."

"हळू काय? परवा ऑपरेशनला छाती उघडणार आहेत तुझी, आणि या दीडशहाणीने... बंद करायला लाव आधी!"

"पट्टी आपण नवी चिकटवू. तिला मात्र कळायला नको."

"का म्हणून?"

"माझं काही बरंवाईट झालं, तर पोरगी जन्मभर स्वतःच्या हाताकडे बघत बसेल."

अकरा मिनिटांची फीत संपली आणि पुन्हा सुरू झाली. पुन्हा तो हात, पुन्हा ते नख. बिक-वानला छातीत काहीतरी सुटत गेल्यासारखं वाटलं. तिने मोक वहिनींचं मनगट धरून ठेवलं.

कॅरिस धावत आली. घरातलं बोलणं तिला यायचं. चिनी अक्षर मात्र एकही वाचता येत नव्हतं.

"आजी, आवडलं? आजोबांचं नाव कुणीतरी झाकून टाकलं होतं गं! मला बघवेना. मी मोकळं केलं."

"छान केलंस हो बाळा."

"मग सगळ्यांना वाचून दाखव ना. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

माणसं वळली. वाट झाली. आज पंधरवड्याचा शाकाहाराचा दिवस. अशा दिवशी बिक-वानच्या तोंडून कधी खोटं गेलं नव्हतं. ती पडद्यापाशी गेली. तिच्या डोक्याहून उंच तिचं स्वतःचं नाव उघडं पडलं होतं. तिने त्यातल्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात नवऱ्याचं नाव उच्चारलं.

"हॉन चुंग-याव."

मोक वहिनींनी नजर जमिनीकडे वळवली.

कॅरिसने डोळे पुसले. "आजोबांसाठी एक मिनिट शांत उभं राहू या."

सगळ्या माना त्या नावापुढे झुकल्या. कुणी खोकलंसुद्धा नाही.

बिक-वानने कोटाची वरची गुंडी लावली, हात जोडले, आणि सगळ्यांबरोबर मान खाली घातली.